पानिपत वाचायला किती भाषा लागतात?

‘कॉलेज प्रवेशासाठी परदेशी भाषा किती वर्षं शिकावी?’ असं दहावी-बारावीची मुलं मला विचारतात. मी त्यांना पानिपतची गोष्ट सांगतो.

१७६१ च्या लढाईत काशीराज पंडित शुजाउद्दौल्याच्या छावणीत होता. हा दक्षिणी ब्राह्मण, पण नोकरी अवधची आणि दरबारची भाषा फारसी. १७८० मध्ये त्याने डोळ्यांनी पाहिलेली हकिकत फारसीतच लिहिली. आपल्या माणसाची ही साक्ष आज आपण भाषांतरातून वाचतो! सेतुमाधवराव पगडी फारसी शिकले, म्हणून अशी कितीतरी साधनं मराठीत आली.

भारतात बहुतेक पदवी प्रवेशांना परदेशी भाषेची अट नाही. परदेशी विद्यापीठाची अट असेल, तर तेवढी पुरी करा. पण जुना कागद स्वतः वाचता येईल इतकं शिकलात, तर काशीराज थेट तुमच्याशी बोलेल.