प्रशस्ति आणि सनद

मिसर देशाचा राजा दुसरा रामसेस यानें इ. स. पू. १२७४ च्या सुमारास हिटाइटांशीं कादेशची लढाई केली. आपण एकट्यानें शत्रूचा फडशा पाडला, असें त्यानें देवळांच्या भिंतींवर कोरविलें. प्रत्यक्षांत कादेश शत्रूकडेच राहिलें आणि पुढें त्याच शत्रूशीं त्यानें तह केला. राजाची योग्यता केवळ त्याच्या स्तुतीवरून ठरवूं नये, हाच यांतील बोध.

हीच कसोटी आपल्या गोदाकांठच्या एका राजास लावूं. परभणी जिल्ह्यांतील आमच्या चारठाण्याचीं यादवकालीन देवळें जुनीं खरीं. पण त्यांच्याहि पूर्वीं सहस्राधिक वर्षें पैठणास सातवाहनांची राजधानी होती. त्या कुळांतील गौतमीपुत्र सातकर्णि सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं होऊन गेला. त्याचा पुत्र पुळुमावि याच्या १९ व्या राज्यवर्षीं सातकर्णीची माता बलश्री हिनें नाशिकच्या लेण्यांत त्याची प्रशस्ति कोरविली. त्याच्या घोड्यांनीं तीन समुद्रांचें पाणी प्यालें, त्यानें शक, यवन व पह्लव यांचा नाश केला, क्षहरात वंश निर्मूल केला, प्रजेचें सुखदुःख आपलें मानलें व कर न्यायानेंच घेतले, असें ती म्हणते. हे मातेचे शब्द आहेत. ते पारखूनच घेतले पाहिजेत.

विजयाची साक्ष नाण्यांनीं दिली. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी येथें क्षहरात नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक रुपेरी नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीनें आपला छाप मारलेला आहे. तेव्हां क्षहरातांचा पराभव ही नुसती कविकल्पना नव्हे.

प्रजेच्या सुखदुःखाचें काय? त्याच लेण्यांत खुद्द राजाच्या दोन सनदा आहेत. १८ व्या राज्यवर्षीं त्यानें भिक्षूंस काखडी गांवीं दोनशें निवर्तनें शेत दिलें. २४ व्या वर्षींची सनद सांगते कीं, तें गांव ओस पडलें असून शेत कोणी कसत नाहीं. म्हणून नगराच्या शिवेवरील सरकारी जमिनींतून शंभर निवर्तनें द्यावीं. ही आज्ञा राजा व राजमाता या दोघांच्या नांवें आहे.

दिग्विजयी राजाच्या राज्यांत सहा वर्षांच्या आंत एक गांव ओस पडलें, ही गोष्ट प्रशस्तींत नाहीं, सनदेंत आहे. दोनशेंच्या ठिकाणीं शंभर ही पुरी भरपाईहि नव्हे. तथापि दिलेलें दान निष्फळ झालें, हें राजानें दडविलें नाहीं. उलट तें दगडावर कोरूं दिलें आणि आपला शब्द यथाशक्ति सांभाळला. तीन समुद्रांच्या पाण्याहून या शंभर निवर्तनांनींच त्याच्या राज्यकारभाराची ओळख आपणांस अधिक पटते.