पाडव्याच्या तबकातली रेकॉर्ड

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात धाडायच्या सोनेरी तबकडीसाठी जगभरचं संगीत निवडलं जात होतं. हिंदुस्थानी संगीतासाठी रॉबर्ट ब्राउन या अभ्यासकानं केसरबाई केरकरांची भैरवी सुचवली. पण ती रेकॉर्ड बाजारातून नाहीशी झालेली. बऱ्याच शोधानंतर न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात, तिच्या तीन कोऱ्या प्रती निघाल्या. गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या बाईंचे ते साडेतीन मिनिटांचे सूर असे अवकाशात गेले. त्याच वर्षी, १६ सप्टेंबरला, बाईंनी देह ठेवला.

मी जुन्या रेकॉर्ड जमवतो. दिवाळी आली की कुणी ना कुणी विचारतंच, "काका, मेहुण्याला असलं कुणी न ऐकलेलं ऐकायचं आणि बघायचं वेड आहे, त्याला काय द्यावं?" मी आधी ही केसरबाईंची हकिकत सांगतो. दुर्मीळ सूर टिकतात ते कुणीतरी सांभाळून पुढच्याच्या हाती दिल्यामुळे, अशी माझी पक्की समजूत आहे.

रेकॉर्ड भेट द्यायची चाल आपल्याकडे जुनी. १९०२ साली फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. सुरुवातीला तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत. १९०८ साली कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाला. तबकडी बनायची लाखेपासून, आणि लाख आपल्याच जंगलांतली. म्हणजे आपली लाख परदेशी जाऊन आपलंच गाणं होऊन परत यायची! बंगालात दुर्गापूजेला नव्या गाण्यांच्या रेकॉर्ड निघत आणि घरोघर त्यांची वाट पाहिली जाई. आमच्या गिरगावातल्या घरी ते काम पाडव्याला व्हायचं. आईनं ओवाळलं की वडील तबकात हिराबाई बडोदेकरांची किंवा मास्टर दीनानाथांची एखादी रेकॉर्ड ठेवायचे. फराळ बाजूला राहायचा. वडील फोनोला चावी द्यायचे, पिन बदलायचे, आणि शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहायचे. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यात सगळा राग. लांबण लावायला जागाच नाही, म्हणून गवयाला आपलं सर्वांत नेमकं गाणं द्यावं लागे. त्या गाण्यांची धार मला पुढच्या लांबलचक ध्वनिमुद्रणांत क्वचितच भेटली.

मग एलपी आल्या, कॅसेट आल्या, आणि लाखेच्या तबकड्या भंगारात निघाल्या. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. 'द रेकॉर्ड न्यूज' हे तिचं नियतकालिक. कुठल्या गायिकेनं कुठल्या कंपनीसाठी काय गायलं, याच्या याद्या या मंडळींनी पदरमोड करून केल्या.

सिनेमाची गत याहून वाईट. जुन्या फिल्मवर चांदीचा थर असे. चित्रपट उतरला की चांदीसाठी रिळं विकली जात. १४ मार्च १९३१ला गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये लागलेला 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, आज कुठेही नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर नावाच्या माणसानं रिळांमागे जन्म घातला. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून 'कालियामर्दन'चे तुकडे आणून त्यांनी ते जुळवले. १९१९च्या त्या मूकपटात फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली होती. त्या घरानं तुकडे टाकून दिले असते, तर ती पोर आज आपल्याला दिसली नसती. नायरांवर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी केलेला 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट जरूर बघा.

नायरांनी जमवलेल्या चित्रपटांना प्रेक्षक मिळवून दिले ते फिल्म सोसायट्यांनी. मुंबईत १९६८पासून प्रभात चित्र मंडळ हे काम करतं. 'वास्तव रूपवाणी' हे त्यांचं नियतकालिक. थिएटरात कधीच न लागणारे चित्रपट वर्गणी भरून, मिळेल त्या सभागृहात बसून बघणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली.

आता मेहुण्याचं. त्याच्या गावात फिल्म सोसायटी असेल तर वर्षाची वर्गणी भरून पावती हातात ठेवा. जुनी रेकॉर्ड देणार असाल तर त्याच्याकडे ७८च्या वेगाचं यंत्र आणि त्या रुंद खाचांची वेगळी सुई आहे का, हे आधी विचारा. एलपीच्या सुईनं ती नीट वाजत नाही. लाखेची तबकडी स्पिरिटनं कधीही पुसू नका, लाख विरघळते. पाकिटात एक चिठ्ठी घाला: कोण गातंय, कुठला राग, तुमच्याकडे कुठून आली. नुसती महागडी वस्तू नको, ही माहिती हवी.

आणि तुमच्याच माळ्यावर आजोबांच्या तबकड्या किंवा रिळांचे डबे पडले असतील, तर या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देऊ नका. एखाद्या संग्राहकाला किंवा पुण्याच्या संग्रहालयाला आधी कळवा.