उंचीच्या मापाचा श्वास

कल्याणला 1865 मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा ईथर किंवा क्लोरोफॉर्म दिलेला रुग्ण बहुधा स्वतःच श्वास घेई. कळव्यात 1992 मध्ये राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तोवर मोठ्या शस्त्रक्रियांत यंत्राने श्वास देणे रुळले होते. पण प्रश्न उरतो, स्थूल रुग्णाला किती श्वास द्यायचा? भूल चढली की पोटाचा भार श्वासपटलाला वर रेटतो आणि फुप्फुसांचा खालचा भाग मिटतो. बेंडिक्सेन आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये यावर मोठे श्वास सुचवले. पण वजन वाढले म्हणून फुप्फुसे वाढत नाहीत. त्यांचे माप उंचीशी बांधलेले असते. 2000 मधील अमेरिकी चाचणीत फुप्फुसे गंभीर निकामी झालेल्यांना, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे 12 ऐवजी 6 मिलिलिटर श्वास दिल्यावर मृत्यूचे प्रमाण 39.8 वरून 31 टक्क्यांवर आले.

ते रुग्ण अत्यवस्थ होते, हा आक्षेप रास्त आहे. पण 2013 मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियांतही लहान श्वास आणि श्वासाअखेर फुप्फुसांत राखलेला बेताचा दाब यांचा एकत्रित लाभ दिसला. मग स्थूलांसाठी दाबच वाढवावा का? 2019 च्या प्रोबीज चाचणीत सुमारे 2,000 स्थूल रुग्णांत श्वासाअखेरचा दाब 4 ऐवजी 12 सेंटिमीटर पाण्याइतका ठेवूनही फुप्फुसांच्या गुंतागुंती लक्षणीय घटल्या नाहीत. म्हणजे एकच आकडा सर्वांना तारत नाही. उंची मोजणे, डोक्याकडची बाजू उंच ठेवणे आणि भूल उतरल्यावरही लक्ष ठेवणे डोंबिवलीतल्या छोट्या रुग्णालयालाही परवडते. म्हणूनच ते कुठेही टाळले जाऊ नये.