निकेल काढण्याआधी निकेल वाचा

पीएचडीला लागून तीन वर्षं झाली, आणि आत्तापर्यंतची माझी सगळ्यात मोठी चूक एका लोखंडी पट्टीशी जोडलेली आहे. सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांनी ती ऐकावी असं वाटतं, म्हणून सांगतो.

मी राहतो माणला. खिडकीतून एका बाजूला आयटी पार्कच्या काचा दिसतात आणि दुसरीकडे मुळशीचे डोंगर. गावातल्या एका घरी जुनी ठासणीची बंदूक होती. नळी नि दस्ता केव्हाच गेले. उरली ती फक्त कळ: घोडा, आतली कमान आणि हे सगळं बसवलेली तळहाताएवढी पट्टी. सगळ्यावर चकचकीत निकेल, पण जागोजागी पोपडे सुटलेले आणि खाली तांबूस गंज. दर खंडेनवमीला ही कळ हळदकुंकू लावून पाटावर मांडली जाते. घरचं म्हणणं असं, की खापरपणजोबा कंपनीच्या पलटणीत होते, तिथली ही बंदूक.

आता हे तपासायचं कसं? ईस्ट इंडिया कंपनीच्या एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच बंदुकांच्या कळीवर मागच्या पायांवर उभा सिंह ठोकलेला असतो. ब्रिटिश सरकारी लष्कराच्या कळींवर मुकुट दिसतो, कित्येकदा ‘टॉवर’ हा शब्द आणि सालही. मला वाटलं, निकेलखाली सिंह लपलाय. तो सापडला की प्रकरण लिहून झालंच! निकेल म्हणजे माझ्या लेखी नंतर बसलेली घाण. घरच्यांची परवानगी घेतली आणि सुटे भाग एका प्लेटिंगवाल्याकडे दिले.

त्याने जे केलं ते त्याच्या धंद्याप्रमाणे बरोबरच होतं. निकेल चढवताना वस्तू ऋण ध्रुवाला टांगतात. काढताना उलटं, धन ध्रुवाला. तीव्र गंधकाम्लात प्रवाह सोडला की निकेल विरघळतं, आणि खालचं पोलाद उघडं पडलं की त्यावर अतिसूक्ष्म पापुद्रा धरून ते बऱ्यापैकी बचावतं. दुसरी जुनी पद्धत तीव्र नायट्रिक आम्लाची. त्यातही लोखंड असंच निष्क्रिय होतं, हे जेम्स कीर याने 1790 मध्येच नोंदवलं होतं. पण त्यात पाणी शिरलं की तेच आम्ल लोखंडावर तुटून पडतं आणि विषारी तपकिरी धूर निघतो. घरी करायचं हे काम नव्हे. कमान तर आम्लात घालूच नये. कडक पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं आणि ताण दिला की तुटतं. एवढं मला माहीत होतं, म्हणून कमान मी मागे ठेवली. त्याचा मला उगाच अभिमानही वाटला होता.

पट्टी परत आली ती करडी, गुळगुळीत आणि कोरी. सिंह नाही, मुकुट नाही. मधोमध किंचित खोलगट भाग तेवढा बोटाला लागतो.

कारण साधं आहे. निकेल खालच्या पृष्ठभागाचा प्रत्येक ओरखडा दाखवतं, त्यामुळे चढवण्याआधी लोखंड घासून आरशासारखं करावं लागतं. खूण असलीच, तर ती त्या घासणीत गेली. माझ्या आम्लाने नाही. (वापरातल्या बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखखूण पुसणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 8 खाली गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.)

मग माझं नेमकं काय चुकलं? मी घालवलं ते निकेल.

पट्टी परत द्यायला गेलो तेव्हा घरात वाद चालू होता. आजी म्हणाल्या, “हे चकचकीत काम सासऱ्यांनी इंग्रजांच्या काळात करून आणलेलं.” काका म्हणाले, “कसलं काय आई, जमिनीचे पैसे आले तेव्हा केलंय.” म्हणजे मध्ये पन्नासेक वर्षांचं अंतर, आणि दोन अगदी वेगळे इतिहास. एकात मुळशीच्या पावसात गंजणारी वस्तू जपणारा शेतकरी; दुसऱ्यात जमीन गेल्यावर पूर्वजांना चकाकी देणारं घर. माझ्या प्रबंधाला सिंहापेक्षा हा प्रश्न कितीतरी जवळचा होता, पण तो मी विचारलाच नव्हता.

आणि त्याचं उत्तर त्या थरात असू शकलं असतं. धंदा म्हणून निकेल चढवणं रुळलं ते आयझॅक अ‍ॅडम्स याच्या 1869 च्या अमेरिकी पेटंटनंतर. ते निकेल मंद असे, हाताने घासून चमकवावं लागे. टाकीतूनच चकचकीत निघणारं निकेल 1930 च्या दशकात आलं, आणि त्यातल्या रसायनांमुळे थरात थोडं गंधक उरतं. वर क्रोमियम असेल तर काम 1920 च्या दशकाच्या मध्यानंतरचं. थरात फॉस्फरस सापडला तर विजेशिवाय चढवलेलं निकेल, म्हणजे 1946 नंतरचं. एवढ्याने नेमकं साल मिळत नाही, पण आजी की काका, यातला एक पर्याय बाद होऊ शकतो.

गंजाचंही तेच. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. निकेल उलटं वागतं: थराला बारीक भोक पडलं की तिथलं लोखंड जास्तच जोरात गंजतं. म्हणजे पोपड्यांचा नकाशासुद्धा वस्तू कुठे हाताळली, कुठे पाणी साचलं हे सांगत होता. त्याचा मोबाइलवर काढलेला एकच फोटो माझ्याकडे आहे, तोही हललेला. एका पोपड्याच्या कडेला लालसर रेघ दिसते. खाली तांब्याचा थर होता की नुसता गंज, ते आता पट्टीवरून कळणार नाही.

परवा मागे ठेवलेली कमान पुडीतून काढली. तिच्यावर निकेल अजून आहे, एका टोकाला पोपडाही सुटलेला. आजींना विचारून तो पोपडा राळेत बसवून छेद घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजायचे ठरलंय. यावेळी आधी सगळ्या बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी, आणि दोघांच्या आठवणी वेगवेगळ्या बसवून रेकॉर्ड केल्यात. काकांनी पैज लावलीय.