‘कर’ प्रत्ययाचे ज्यू साक्षीदार

मराठी माणसाचे आडनाव पुष्कळदा त्याच्या गावाचा दाखलाच असतो. हा वारसा कोणा एका धर्माचा नव्हे, याची उत्तम साक्ष कोकणातील बेने इस्रायली समाज देतो. ज्यू म्हटले की जगाला कोहेन, लेव्ही ही आडनावे आठवतात; जुन्या कुलाबा जिल्ह्यातील ज्यूंनी मात्र किहीमवरून किहीमकर, पेणवरून पेणकर अशी आडनावे घेतली. नाव हिब्रू, आडनाव गावचे आणि भाषा मराठी! शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या तेल्यांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत.

या आडनावांनी मोठी माणसे दिली. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली उभारणारे सॅम्युएल इझिकेल हे दिवेकर. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. १९१६ च्या खटल्यात लोकमान्यांच्या बाजूने बॅरिस्टर जीनांसोबत उभ्या राहिलेल्या वकिलांत एरुलकर होते. डॉ. अब्राहम एरुलकरांनी गांधीजींवर उपचार केले. त्यांची कन्या लीला पुढे सायप्रसच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी झाली. अलिबागजवळच्या झिराड गावाचे नाव तर प्रत्ययाशिवायच आडनाव झाले. डॉ. जेरुशा झिराड यांचा जन्म १८९० मध्ये शिवमोग्ग्याचा, शिक्षण पुण्याचे, कर्तृत्व मुंबईच्या कामा रुग्णालयातले. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायली इस्रायलला गेले. तेथेही त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले.

सीमाभागातील आम्हांस यात आपलाच प्रश्न दिसतो. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही आमच्या मागणीची चार सूत्रे आहेत. धर्म वा जात त्यांत कोठेही नाही. मराठीपण जन्माच्या पंथावर ठरत असते, तर किहीमकर आणि राजपूरकर मराठी ठरलेच नसते. ते ठरले भाषेने. म्हणूनच ‘मराठी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर संकुचित करणारा, मग तो आमच्याच बाजूचा का असेना, आमचा दावा दुबळा करतो. प्रशासकीय सीमारेषा एका अधिसूचनेने बदलते. आडनावात वस्तीला आलेले गाव आणि घरात बोलली जाणारी भाषा तशी बदलत नाही.