पेशंटच्या ‘हो’चा इतिहास

केस नोट्स वाचायला बसलं की एक वाक्य हमखास भेटतं: ‘पेशंटला मुद्दा पटला.’ पण पटला हे ठरवलं कोणी? वही तर थेरपिस्टची! पेशंटला राग आला का, भीती वाटली का, हे त्या वहीत सहसा येतच नाही. पीएचडीची तयारी करणाऱ्यांनी या प्रश्नाचा इतिहास जरूर बघावा.

सप्टेंबर १९३२. जर्मनीतल्या वीसबाडेनला मनोविश्लेषकांची परिषद भरली होती. फ्रॉइड यांचे जुने सहकारी, बुडापेस्टचे सांडोर फेरेन्झी निबंध वाचायला उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं: लहानपणी अत्याचार सोसलेला पेशंट विरोध करत नाही, म्हणजे त्याला सगळं पटलंय असं नव्हे. धाकात दबलेलं मूल मोठ्या माणसाची मर्जी ओळखायला आणि तिच्यापुढे स्वतःला विसरायला शिकतं. थेरपीतही तेच होतं. डॉक्टर कंटाळलाय, चिडलाय, हे पेशंटला नेमकं कळतं, पण तो बोलत नाही. डॉक्टरने आपली चूक कबूल केली, तर मात्र विश्वास वाढतो, असा फेरेन्झींचा अनुभव होता. फ्रॉइडना हा निबंध रुचला नाही. १९३३ मध्ये फेरेन्झी वारले. निबंध इंग्रजीत यायला १९४९ उजाडलं.

खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या हिल्डे ब्रूख याच जागी वेगळ्या वाटेने पोचल्या. ॲनोरेक्सिया झालेल्या मुलीला काय वाटतं, हे आधीपासून दुसरेच ठरवत आलेले असतात. थेरपिस्टनेही अर्थ लावून दिला, तर ती मान डोलावते आणि आत काहीच हलत नाही. म्हणून ब्रूख तिला तिचे शब्द शोधू देत.

पण हे दोघंही थेरपिस्टच. कॅनडाच्या डेव्हिड रेनींनी सत्र संपल्यावर त्याची टेप पेशंटलाच ऐकवली आणि ‘इथे मनात काय चाललं होतं?’ असं विचारलं. १९९४ च्या त्यांच्या लेखात अशा १४ जणांच्या मुलाखतींचा आधार आहे. थेरपिस्टला दुखवायचं नाही, म्हणून लोक टीका गिळतात, हे त्यातून दिसलं.

आता आपलं बघा. माझ्या पहिल्या मुलाखतीतले सगळे ‘हो मॅडम’ मी सहमती म्हणून कोड केले होते. गाईड म्हणाल्या, रेकॉर्डिंग परत ऐक. ऐकलं, तर जवळजवळ प्रत्येक ‘हो’ माझ्याच लांबलचक प्रश्नानंतर आलेला. उत्तर मीच पुरवलं होतं, समोरच्या बाईंनी फक्त माझा मान राखला होता.