दुष्काळी छावण्या व पटकीची सांथ

दुष्काळाच्या इतिहासाचा विचार करितांना आपलें लक्ष बहुधा पर्जन्य, धारण व सारा यांकडे जातें. परंतु दुष्काळांत मेलेलीं सर्व माणसें भुकेनेंच मेलीं असें नाहीं. घरदार सोडून एकत्र जमलेल्या लोकांत पटकी शिरली म्हणजे तिला आवरणें कठीण होतें. दोन दुष्काळांच्या आधारें या गोष्टीचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला दुष्काळ शके १७९८ चा (इ. स. १८७६-७८). मुंबई इलाख्यांत आरंभीं गांवांजवळ लहान लहान कामें निघालीं होतीं. पुढें, ज्यास मजुरी हवी त्यानें स्वग्रामापासून दूरच्या मोठ्या कामावर जाऊन राहावें, असें धोरण सरकारनें धरिलें. खरा गरजू कोण हें त्यानें कळेल, अशी समजूत. इ. स. १८७७ च्या आरंभीं हजारों मजुरांनीं कामें सोडिलीं, व पुणें सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. मजुरींतील कपात हें कारण होतेंच; पण छावणीचें भयही निराधार नव्हतें, असें आमचें मत आहे. त्याच वर्षीं इलाख्यांत पटकीनें थैमान घातलें.

दुसरा दुष्काळ इ. स. १८९९-१९०० चा, गुजराथेंत संवत् १९५६ वरून त्यास 'छप्पनियो' म्हणतात. तोंपर्यंत रोगाचें बीज अज्ञात राहिलें नव्हतें. कॉक यांनीं इ. स. १८८४ मध्यें कलकत्त्याच्या तळ्यांत तें दाखविलें होतें. विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा हँकिन यांचा उपायही ठाऊक होता. तरीही इ. स. १९०० च्या उन्हाळ्यांत पंचमहालांत गोध्र्याकडील कामांवर पटकी पसरली, आणि भयभीत मजूर दाही दिशांस पळाले. आपल्याकडे मरीआईचा गाडा एका गांवानें दुसऱ्याच्या शिवेंत लोटावा, तशी या पळापळीनें सांथ गांवोगांव पोंचविली.

यावरून आम्ही असें अनुमान करितों कीं, आपद्ग्रस्तांस होईल तों घराजवळच साह्य द्यावें. छावणी अपरिहार्यच असेल तर औषधाआधीं पाण्यावर पहारा बसवावा. आज आंतरराष्ट्रीय मदतकार्यांत माणशीं रोज निदान १५ लिटर पाणी व २० माणसांस एक शौचकूप असें प्रमाण सांगितलें जातें, त्याचें मर्म हेंच.

संग्राहकांस एक विनंति आहे. जुन्या कुळकर्णी दप्तरांत मयतांच्या नोंदी, कामांवरील हजेरीपट व खासगी पत्रें सांपडतात. सनदा व महजर नव्हेत म्हणून तीं रद्दींत जातात. मृत्यूची तिथि, कामाचें ठिकाण व पाण्याची जागा या तीन गोष्टी ताडून पाहिल्या, तर कोणत्या छावणीनें किती माणसें गमाविलीं व कां, हें सांगतां येईल. त्या माणसांचें दुसरें स्मारक नाहीं.